सावित्रीबाईंच्या खासगी पत्रांतून मुख्याध्यापिका सावित्रीबाई कळतात का?

कळतात. पण पत्रांत वर्ग, वेळापत्रक, हजेरी असं काही शोधायला गेलात तर पहिल्या वाचनात निराशा होईल. सावित्रीबाई फुल्यांची खासगी पत्रं वाचून त्या शाळा कशा सांभाळत होत्या ते समजेल का, आणि वाचायला सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंय. मी शाळेत शिकवते. ही पत्रं पुन्हा पुन्हा वाचली आहेत, म्हणून लिहिते.

जोतीरावांना लिहिलेली त्यांची तीन पत्रं आपल्याला माहीत आहेत: १० ऑक्टोबर १८५६, २९ ऑगस्ट १८६८ आणि २० एप्रिल १८७७. पहिली दोन नायगावहून, म्हणजे माहेराहून, तिसरं जुन्नरजवळच्या ओतूरहून. पुण्यात दोघं एकाच घरात, एकाच कामात. तिथे पत्र लिहिण्याची गरजच नव्हती. त्या शाळेपासून लांब गेल्या तेव्हाच कागद हातात घेतला गेला, त्यामुळे शाळेचं वर्णन पत्रांत नाही आणि शाळेची काळजी मात्र आहे.

पहिलं पत्र सावकाश वाचा. 'सत्यरूप जोतिबा' असं संबोधून सुरुवात होते. सावित्रीबाई तेव्हा पंचविशीच्या. मोठ्या दुखण्यातून उठताहेत, भावाने खूप सेवा केली असं सांगतात, पूर्ण बरं वाटलं की पुण्याला येईन म्हणतात. आणि लगेच पुढे: फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही.

एवढंच, एक ओळ. फातिमा म्हणजे फातिमा शेख, त्यांच्याबरोबर शिकवणारी सहकारी. या ओळीपाशी मी दर वेळी थांबते. शिक्षिका लांबच्या रजेवर गेली म्हणून तिचे तास कुठे जात नाहीत, ते कुणाच्या तरी अंगावर पडतात. अंथरुणातून नुकत्याच उठलेल्या बाईला आधी आठवते ती आपल्या वाटचं काम ओढणारी मैत्रीण. शिवाय ती कुरकुर करणार नाही, याची खात्रीही आहे. असा भरवसा रोज शेजारी उभं राहून काम केल्याशिवाय येत नाही. सरकारी अहवालात मुलींची संख्या मिळेल, परीक्षेचा निकाल मिळेल, ही गोष्ट मिळणार नाही. मला विचाराल तर मुख्याध्यापिका ओळखायची ती इथे.

त्याच पत्रात भावाशी झालेला वाद आहे. तुम्ही नवरा-बायको महारामांगांसाठी काम करता, ते सोडा, जातीच्या रूढीने आणि भट सांगतील तसं वागा, असं भावाचं म्हणणं. सावित्रीबाई त्याला त्याच्याच घरातले दाखले देतात. गाय, बकरी कुरवाळतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, आणि माणसासारख्या माणसांना मात्र अस्पृश्य मानतोस! समोरच्याला जे ठाऊक आहे तिथूनच सुरुवात करून त्याला पुढे नेणं, ही शिकवणाऱ्याची रीत आहे. हे ऐकून आईने आपलं कौतुक केलं, असं त्या लिहितात.

दुसऱ्या पत्रात गणेश नावाचा ब्राह्मण आणि शारजा ही महार मुलगी यांची हकीकत आहे. तिला दिवस गेलेले, गावकरी दोघांना मारायला निघालेले. सावित्रीबाई धावत गेल्या, कायद्याचा धाक घालून त्यांना वाचवलं आणि पुण्याला जोतीरावांकडे पाठवलं. तिसरं दुष्काळातलं. सत्यशोधक कार्यकर्त्यांना पकडल्यावर त्या थेट कलेक्टरशी बोलल्या, माणसं सुटली, वर ज्वारीच्या चार गाड्याही आल्या. या दोन पत्रांत शाळा नावालाही नाही. तरी जमावासमोर आणि साहेबासमोर सारख्याच ठामपणे बोलणारी ही बाई वर्गात कशी उभी राहत असेल, याचा अंदाज बांधता येतो.

कुठून सुरुवात करावी? महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ साली काढलेलं, डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेलं समग्र वाङ्मय घ्या. पत्रं त्यातच आहेत. पण पहिलं पत्र संपलं की लगेच दुसऱ्याकडे वळू नका. आधी मुक्ता साळवे हिचा निबंध वाचा. फुल्यांच्या शाळेतली ही चौदा वर्षांची मातंग मुलगी, तिचा मांगमहारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला, म्हणजे नायगावच्या पत्राच्या आदल्याच वर्षी. ज्यांना वेद वाचायचा अधिकारच नाही त्यांचा धर्म कोणता, असं ती विचारते. बाळंत होणाऱ्या मांग बायकांना डोक्यावर छप्पर नसतं आणि थंडीपावसात त्यांचे काय हाल होतात, तेही लिहिते. ते वाचून पुन्हा नायगावच्या पत्राकडे या. बाई माहेरी भावाशी जे भांडत होत्या, तेच त्यांच्या शाळेतली मुलगी छापील कागदावर अख्ख्या समाजाला विचारून मोकळी झाली होती.