स्टिलवॉटरला जातेयस ना, मग बाहेर काय खायचं ते ऐक

तुझा प्रश्न वाचून हसू आलं, तुझ्यावर नाही गं, २०११ ची मी आठवले म्हणून. तू लिहिलंयस की भुसावळची आहेस, ऑगस्टमध्ये एमएसला ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटरला जातेयस, मटण-मच्छी सोडच पण अंडंसुद्धा खात नाहीस, पहिले काही महिने गाडी नसणार, आणि आई म्हणतेय बर्गरच्या देशात पोरगी उपाशी मरेल. तर मॅक, बर्गर किंग, सबवे असल्या ठिकाणी आपल्याला काही मिळतं का, आणि व्हीगन लिहिलेलं डोळे झाकून घेतलं तर चालेल का. मी फैजपूरकडची, लेवा घरातली, आणि २०११ पासून कॅन्ससमधल्या विचिटाला म्हणजे तुझ्या गावापासून दोन-सव्वादोन तासांवर राहते, त्यामुळे तुझ्या भागातलंच सांगते. आईला सांग, उपाशी कोणी मरत नाही, उलट वजन वाढतं, कारण आपल्याला चालणारं जे काही मिळतं ते सगळं बटाटा, मैदा नाहीतर चीज.

पहिलं म्हणजे व्हेजिटेरियन या शब्दावर इथं विसंबू नको. जळगावात बाहेर 'शुद्ध शाकाहारी' पाटी दिसली की आत जाऊन काहीही मागव, हॉटेलच आख्खं व्हेज असतं, आणि पाकिटावर हिरवा ठिपका दिसला की विषय संपला. इथं ठिपका बिपका काही नाही, आणि हॉटेल नाही तर एकेक पदार्थ तपासावा लागतो. शिवाय इथल्या व्हेजिटेरियनला अंडं चालतं, त्यामुळे व्हेज पॅटी म्हणून जे मिळतं त्यात बऱ्याचदा पॅटी फुटू नये म्हणून अंड्याचा पांढरा भाग घातलेला असतो, आणि ते कोणी लपवत पण नाही, त्यांच्या हिशोबाने ते व्हेजच आहे. काहींच्या डोक्यात तर मीट म्हणजे फक्त बीफ आणि पोर्क. मी व्हेजिटेरियन आहे म्हटल्यावर "मग चिकन देऊ का" असं मला अगदी प्रेमाने विचारलंय, चार-पाचदा तरी.

म्हणून माझी युक्ती अशी की आधी व्हीगन काय आहे ते विचारायचं. व्हीगन म्हणजे मांस-अंडं तर नाहीच, दूध, दही, तूप, मध पण काहीच नाही, आपल्या आजीच्या सोवळ्यापेक्षा कडक. ते मिळालं की त्याच्यावर चीज, सावर क्रीम काय हवं ते आपण वाढवून घ्यायचं. दुधाचं वरून घालता येतं, आत गेलेलं अंडं काढता येत नाही, एवढं साधं गणित आहे. तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर हो, व्हीगन लिहिलेलं घेतलं तर घटकांच्या बाबतीत निर्धास्त, फक्त ते कुठल्या तव्यावर भाजलं आणि कुठल्या तेलात तळलं हा प्रश्न वेगळा, त्याच्याकडे येते.

आता फ्राईज. सगळ्यांना वाटतं बटाटाच तर आहे, त्यात काय असणार. मॅकच्या अमेरिकेतल्या फ्राईजमध्ये 'नॅचरल बीफ फ्लेवर' असतो, हे त्यांच्याच घटकांच्या यादीत लिहिलेलं आहे. गोष्ट अशी आहे की पूर्वी ते बीफच्या चरबीतच तळायचे, १९९० मध्ये वनस्पती तेलावर आले पण चव तीच राहावी म्हणून हा फ्लेवर ठेवला, आणि लोकांना वाटलं की आता व्हेज झालं. २००१ मध्ये हिंदू आणि शाकाहारी लोकांनी कोर्टात केस टाकली आणि २००२ मध्ये कंपनीने माफी मागितली, एक कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. पण फ्लेवर गेला नाही, सकाळच्या हॅश ब्राउनमध्ये म्हणजे बटाट्याच्या टिक्कीतही तो आहे. नाशिक-पुण्याच्या मॅकमध्ये तू जे खाल्लंयस ते वेगळं, लंडनमध्येही त्यांचे फ्राईज व्हेज आहेत, म्हणजे पाटी एक आणि माल देशोदेशी वेगळा. मग 'इंडियात तर चालतं' हा हिशोब इथं आल्यावर सोडून द्यायचा. फ्राईजच खायचे असतील तर फाईव्ह गाईज शेंगदाण्याच्या तेलात तळतात, ते बघ. ग्रिल्ड चीज आणि व्हेजी सँडविच पण असतं त्यांच्याकडे, पण त्यांच्या बनमध्ये अंडं असतं, म्हणून आपण नुसते फ्राईजच घ्यायचे.

आणि हे बघ, सगळ्या कंपन्यांच्या साईटवर ॲलर्जीचा तक्ता असतो, त्यात दूध, अंडं, गहू, सोया, शेंगदाणे असे रकाने, २०२३ पासून तीळ पण आला. अंड्याचा रकाना आपल्यासाठी सोन्यासारखा आहे, कुठल्या बनमध्ये आणि कुठल्या सॉसमध्ये अंडं आहे ते एका नजरेत कळतं. पण मांस काही ॲलर्जीत धरत नाहीत, त्यामुळे बीफ फ्लेवर त्या तक्त्यात सापडणार नाही, त्यासाठी घटकांची यादी वेगळी उघडून वाचावी लागते. मला हे कळायला किती दिवस लागले विचारू नको.

माझी फजिती फ्राईजने नाही, बीन्सने झाली. नवीन होते, नवऱ्याची विमानाच्या कारखान्यात नोकरी, दिवसभर मी एकटी, आणि घराजवळ एक छोटं मेक्सिकन हॉटेल. भात, घोटलेल्या बीन्स, तिखट साल्सा, गरम पोळीसारखा टॉर्टिया, अगं मला वाटलं देवानेच पाठवलं, त्या बीन्स म्हणजे तर अगदी आपल्या घोटलेल्या दाळीसारख्या. दीड-दोन महिने आठवड्यातून दोनदा खात होते. एक दिवस सहज तिथल्या मावशीला विचारलं की एवढी चव कशाने येते, ती कौतुकाने म्हणाली मांतेका. घरी येऊन बघितलं तर मांतेका म्हणजे डुकराची चरबी. रडले मी, खरंच रडले. आईला फोन केला तर ती दोन मिनिटं गप्प, मग म्हणे नकळत गेलं ना, डोक्यावरून आंघोळ कर अन् सोडून दे, आणि पुढच्या वेळी तोंड उघडून विचारत जाय. चूक त्यांची नव्हतीच, मी विचारलंच नव्हतं.

तर मेक्सिकन ठिकाणी हे प्रश्न पाठ करून ठेव: "इज देअर लार्ड इन द बीन्स", "इज द राइस कुक्ड इन चिकन ब्रॉथ", आणि मैद्याच्या टॉर्टियात लार्ड आहे का. लार्ड म्हणजे तीच डुकराची चरबी आणि चिकन ब्रॉथ म्हणजे चिकन उकळलेलं पाणी, हे शब्द लक्षात ठेव. लाजू नको, इथं लोक कांदा काढा, सॉस बाजूला द्या, हे नको ते नको असं दहा मिनिटं सांगतात आणि काउंटरवाला शांतपणे ऐकतो, आपल्यालाच उगाच वाटतं की आपण नखरे करून राहिलोय. फक्त ॲलर्जी आहे असं खोटं सांगू नको. काही आपली मंडळी सांगतात, काम होतं हे खरं, पण मग ते बिचारे भांडी, हातमोजे, सगळं बदलतात, आणि ज्याला खरंच ॲलर्जी आहे त्याच्यावर उद्या कोणी विश्वास ठेवणार नाही.

मोठ्या साखळ्यांमध्ये आपल्या पोरींचं माहेर म्हणजे टॅको बेल. त्यांच्या बीन्समध्ये चरबी नाही, २०१५ पासून अमेरिकन व्हेजिटेरियन असोसिएशनचं सर्टिफिकेट असलेले पदार्थ आहेत, आणि कुठल्याही पदार्थातलं मांस काढून बीन्स घाला म्हणता येतं. 'फ्रेस्को स्टाईल' म्हटलं की चीज-क्रीमच्या जागी टोमॅटो घालतात, म्हणजे व्हीगनवाल्यांचं पण काम झालं. बीन बरिटो म्हणजे टॉर्टियात गुंडाळलेल्या बीन्स घे, बटाटा घाल म्हणावं, आणि वर फायर सॉसच्या चार पुड्या. डायब्लो पण असतो, पण नावावर जाऊ नको, खान्देशी ठेच्यावर वाढलेल्या पोरीला तो लोणच्याच्या खारासारखा लागेल. चिपोटलेमध्ये भात, दोन्ही बीन्स, परतलेली ढोबळी मिरची-कांदा, साल्सा असा बाऊल घे, आणि मांस न घेता नुसत्या भाज्यांचा घेतला तर ग्वाकामोलेचे म्हणजे ॲव्होकाडोच्या चटणीचे वेगळे पैसे लागत नाहीत, हे बऱ्याच जणांना माहितच नसतं. सोफ्रितास नावाचा तिखट टोफू पण आहे तिथं. एक बाऊल दोन वेळा पुरतो, स्टुडंट माणसाला अजून काय पाहिजे.

सबवेत वेगळा व्हेज काउंटर नाही इथं, तेच हात चिकनमधून उठून तुझ्या काकडीवर येणार. "कॅन यू प्लीज चेंज युवर ग्लव्ज" एवढं म्हण, बदलतात, सुरी पण पुसून घेतात. मेयो आणि रँच या दोन्ही पांढऱ्या सॉसमध्ये अंडं धरून चाल, मोहरीचा सॉस चालतो.

बर्गर किंगने २०१९ च्या ऑगस्टमध्ये इम्पॉसिबल व्हॉपर नावाचा बिनमांसाचा बर्गर सगळीकडे आणला. पॅटी झाडपाल्याची पण भाजतात त्याच जाळीवर जिथं बीफ भाजतात, त्याच्यावरून पण केस झाली होती. नो मेयो म्हण, आणि जाळी नको असेल तर मायक्रोवेव्हमध्ये करून द्या म्हण, करून देतात. खरं सांगू, मला तो जमलाच नाही. चव, वास, मधला लालसरपणा सगळं मांसासारखंच करायचा त्यांचा आटापिटा, ज्याने मांस सोडलंय त्याला बरं वाटत असेल, आपण कधी खाल्लंच नाही तर आपल्याला ते मळमळल्यासारखं होतं. माझी मुलगी मात्र आवडीने खाते, इथंच जन्मलेली आहे ती.

तव्याचं आणि तेलाचं असं आहे की तुझी रेघ तूच ठरव, आणि निघायच्या आधीच ठरव, काउंटरवर मागे रांग उभी असताना नाही. मी स्वतः घटक कटाक्षाने बघते, वेगळ्या तेलाचा हट्ट धरत नाही, प्रवासात तर नाहीच. माझी जाऊ डॅलसला असते, ती चिकन तळलेल्या तेलातलं काही घेत नाही, तिची पण काही अडचण होत नाही, फक्त आधी विचारते की फ्रायर वेगळा आहे का. दोघी एका टेबलावर जेवतो, भांडण नाही.

गाडी नाही म्हणालीस म्हणून अजून एक. रात्री उशिरा बऱ्याच ठिकाणी आतलं दार बंद होतं आणि फक्त ड्राइव्ह-थ्रू म्हणजे गाडीत बसून घ्यायची खिडकी चालू राहते, आणि तिथं पायी गेलेल्याला सहसा देत नाहीत. म्हणजे लायब्ररीतून अकराला निघून काहीतरी खाऊ असं धरून बसू नको. ऑर्डर ॲपवर करत जा, तिथं सगळं काढ-घाल निवांत करता येतं आणि उच्चाराची पण कटकट नाही. सॉनिक ही साखळी ओक्लाहोमाचीच, मुख्य ऑफिस ओक्लाहोमा सिटीत, त्यांचं ग्रिल्ड चीज आणि चेरी लाइमेड म्हणजे चेरी घातलेलं लिंबू सरबत घे, भुसावळच्या उन्हातल्या माणसाला तिथल्या ऑगस्टमध्ये ते लाइमेडच तारेल. वेंडीजमध्ये आख्खा भाजलेला बटाटा मिळतो, वर बेकनचा म्हणजे डुकराच्या मांसाचा चुरा नको एवढं सांग. त्या भागात हिरव्या शेंगांच्या भाजीत सुद्धा बेकन घालतात, आणि रेड बीन्स अँड राइस म्हणजे राजमा-चावल समजून घेशील तर त्यात पोर्क निघेल. व्हेजिटेबल सूप बीफ नाहीतर चिकनच्या पाण्यात, सीझर ड्रेसिंगमध्ये मासे, मार्शमेलोत जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचं. चीजमध्ये रेनेट, म्हणजे दूध घट्ट व्हायला घालतात ते, हा वेगळाच विषय, खऱ्या इटालियन पार्मेजानमध्ये वासराच्या पोटातलं असतं, बाकीच्यांचं कंपनीनुसार वेगवेगळं, तेवढं बघायचं की नाही ते परत तुझ्या रेघेवर. केक, डोनट, पॅनकेक म्हणजे अंडं, बेगल बहुतेक चालतो.

गंमत म्हणजे माझं हे विचिटा फास्ट फूडचं जन्मगाव. व्हाइट कॅसल १९२१ मध्ये इथं सुरू झालं, पिझ्झा हट १९५८ मध्ये, आणि अशा गावात मी लांब हिरवी वांगी शोधत फिरते. भरताचं वांगं इथं मिळत नाही, जाडी काळी मिळतात, पाणचट, आणि पऱ्हाटीच्या म्हणजे कपाशीच्या काड्यांच्या जाळाशिवाय त्याला तो धुराचा वास येत नाही ते नाहीच. भरीत ठेचायची लाकडी बडगी मात्र मी सामानातून आणलीये.

अगं आणि विमानातलं राहिलंच. तिकिटात जेवण निवडताना 'हिंदू मील' टाकू नको, त्यात बीफ नसतं पण चिकन-मटण असू शकतं, नाव बघून फसतात आपले लोक. 'एशियन व्हेजिटेरियन' निवड, कोड एव्हीएमएल, कांदा-लसूण पण नको असेल तर जैन, व्हीजेएमएल. निदान एक-दोन दिवस आधी नोंदव, आणि दोन वेगळ्या कंपन्यांची विमानं असतील तर दोन्हीकडे वेगवेगळं नोंदवलं गेलंय का ते फोन करून विचार. तिकीट काढलंस का अजून, मुंबईहून आहे की दिल्लीहून, ते सांग.