उचल घेऊन विम्याचा हप्ता भरू नका

संगमनेर तालुक्यातील एका २५ वर्षांच्या वाचकाला यंदा अवजड वाहनाचा परवाना मिळाला असून, पहिली नोकरी कोणत्या ट्रान्सपोर्टकडे धरावी, असे त्यांनी विचारले आहे. त्यांच्यासमोर तीन पर्याय आहेत. चाकण येथील सुमारे दोनशे गाड्यांची कंपनी १९,५०० रुपये पगार (त्यात मूळ वेतन १५,०००), पीएफ, ईएसआय (कामगार राज्य विमा) आणि महिन्याला सरासरी ६,००० रुपये ट्रिपभत्ता देते. मात्र पहिले तीन महिने जुन्या चालकाबरोबर दुसरा ड्रायव्हर म्हणून निम्म्या भत्त्यावर काढावे लागतील. तालुक्यातील एक सात गाड्यांचे मालक सर्व मिळून ३०,००० रुपये रोख आणि रुजू होतानाच ६०,००० रुपये उचल द्यायला तयार आहेत. काम कांदा घेऊन दिल्लीला जाण्याचे आहे. तिसरा पर्याय मनमाडजवळच्या पानेवाडी येथील इंधन डेपोतून टँकर नेण्याचा, ३४,००० रुपयांचा आहे. या वाचकाचा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे आणि त्याचे कारण पत्राच्या शेवटी ओझरते आले आहे. गेल्या वर्षी बँकेतील विमा प्रतिनिधीच्या सांगण्यावरून त्यांनी वर्षाला ६०,००० रुपये हप्त्याची पॉलिसी घेतली, तिचा दुसरा हप्ता पुढच्या महिन्यात आहे आणि उचल बरोबर तेवढीच मिळते आहे. पहिला हप्ता पत्नीचे दागिने पतसंस्थेत ठेवून भरला होता. घरी आई, पत्नी आणि दोन वर्षांची मुलगी आहे. घरखर्च ११,००० रुपयांचा आहे. तीन वर्षांनी पॉलिसी मोडून स्वतःचा ट्रक घ्यावा, असा त्यांचा बेत आहे.

तुमची नोकरी कोणती असावी हे सध्या या पॉलिसीचा हप्ता ठरवतो आहे, आणि तुम्ही न विचारलेल्या या गोष्टीवरच मला आधी लिहावे लागणार आहे. तुम्ही वर्षाला १४ टक्के व्याजाने ९०,००० रुपये सोनेतारण कर्ज काढले. त्यातले ३०,००० ड्रायव्हिंग स्कूल आणि परवान्यासाठी गेले, ते योग्यच झाले, कारण त्यातून कमाईचे साधन हाती आले. उरलेले ६०,००० ज्या पॉलिसीत गेले, ती १२ वर्षे हप्ते घेऊन विसाव्या वर्षी १५ लाख रुपये देईल, असे तुम्हाला सांगण्यात आले आहे. ७ लाख २० हजार भरायचे आणि १५ लाख घ्यायचे, म्हणजे पैसे दुप्पट, असे ऐकायला बरे वाटते. प्रत्यक्षात हा परतावा वर्षाला जेमतेम ५ टक्के पडतो. ५ टक्के मिळवण्यासाठी १४ टक्क्यांचे कर्ज काढायला लावणारा माणूस तुमचा हितचिंतक नव्हता, हे मला स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. शिवाय बोनसवर चालणाऱ्या अशा पॉलिसींच्या माहितीपत्रकात ४ टक्के आणि ८ टक्के परतावा गृहीत धरून आकडे मांडलेले असतात व दोन्हींपैकी कशाचीही हमी नसते. तुमचे १५ लाख बहुधा ८ टक्क्यांच्या रकान्यातून उचललेले आहेत. कागद काढून पाहा.

आता पहिला हप्ता पूर्णपणे बुडाला असे धरा. उरलेले ११ हप्ते याच तारखांना पीपीएफ या सरकारी बचत योजनेत भरले आणि आजचा ७.१ टक्के दर टिकला, तर त्याच विसाव्या वर्षी सुमारे साडेसतरा लाख जमा होतील. म्हणजे ६०,००० रुपयांवर पाणी सोडूनही पॉलिसी थांबवणे फायद्याचे ठरते. ‘भरलेले पैसे वाया जातील’ या भीतीपोटी माणसे वर्षानुवर्षे चुकीचे हप्ते भरत राहतात. गेलेल्या रकमेचा विचार सोडून, पुढे जाणारी रक्कम कुठे जावी एवढेच ठरवायचे असते. तुम्हाला सगळे गमवावेही लागणार नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेला असेल, तर पहिले पॉलिसी वर्ष संपल्यावर काही सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी मध्येच बंद केल्यावर परत मिळणारी रक्कम, मिळते. तुमच्या ६ लाखांच्या विमा रकमेवरून माझा अंदाज दहा-पंधरा हजारांचा आहे. नेमका आकडा कंपनीकडून लेखी मागवा.

त्याआधी मात्र एक प्रयत्न करा. प्रस्ताव अर्जाची प्रत काढून त्यात तुमचे वार्षिक उत्पन्न किती लिहिले आहे ते पाहा. त्या वेळी तुम्ही पोल्ट्रीत १२,००० रुपयांवर काम करत होता, आणि अर्जात उत्पन्न चार-पाच लाख दाखवले असेल, तर चुकीची विक्री झाल्याचा तो चांगला पुरावा आहे. ‘एफडीसारखीच आहे’ असे सांगून विकल्याची लेखी तक्रार विमा कंपनीकडे करा आणि पूर्ण हप्ता परत मागा. ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयाकडे जाता येते. तिथे शुल्क लागत नाही आणि वकिलाचीही गरज नाही.

हप्त्याचे ओझे उतरले की नोकरीचा प्रश्न बराच सोपा होतो. चाकणच्या १९,५०० मधून पीएफचे १,८०० आणि ईएसआयचे सुमारे दीडशे रुपये कापले जातील व हाती साडेसतरा हजार येतील. भत्त्याचे ६,००० रस्त्यावरच्या जेवणाखाण्यात जातात असे धरू. कांद्याच्या गाडीवर ३०,००० दिसतात, पण जेवणाचे ६,००० त्यातूनच जाणार. ठरवून दिलेल्या डिझेलपेक्षा जास्त लागले तर ते, टायरचे नुकसान आणि वाहतूक दंडाचे चलन हे सर्व तुमच्याकडे, असे तुम्हीच लिहिले आहे. त्याचे महिन्याला किमान २,००० धरा. राहिले २२,०००, आणि उचल वर्षभरात फेडायची तर त्यातून दरमहा ५,००० वजा. म्हणजे पहिल्या वर्षी घरी येणारी रक्कम १७,०००, जवळपास चाकणएवढीच. चाकणला याशिवाय तुमचे १,८०० आणि कंपनीचे १,८०० असे ३,६०० रुपये दरमहा पीएफ आणि पेन्शनमध्ये साठत राहतात. पहिल्या तीन महिन्यांत भत्ता ३,००० कमी मिळेल, म्हणजे एकूण ९,००० रुपयांची तूट. पण मुंबई-आग्रा महामार्गावरचा सेंधव्याचा बिजासन घाट भरल्या गाडीने उतरायला अनुभवी चालकाशेजारी बसून शिकण्यासाठी मोजलेली ती किंमत आहे आणि मला ती मुळीच जास्त वाटत नाही.

दिल्लीची खेप एकट्याने दोन दिवसांत पोहोचवायची, अशीही तिथली अट आहे. अंतर सुमारे १,३०० किलोमीटर, भरल्या ट्रकचा सरासरी वेग ४५ धरला तर नुसते चालवण्याचे २९ तास. म्हणजे रोज चौदा तासांहून अधिक, तेही नव्या चालकाने. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची आणि लांब पल्ल्यासाठी विशेष मंजुरीने दहा तासांची मर्यादा घातली होती, ती चालकांच्या झोपेचा विचार करूनच. पगाराची तुलना करताना हे तास विसरले, तर साराच हिशेब चुकतो.

याहून मोठा फरक अपघाताच्या वेळी कळतो, आणि तीन जणांचे पोट तुमच्यावर असल्यामुळे तो टाळून पुढे जाता येत नाही. ईएसआय असलेल्या नोकरीत कामावर मृत्यू झाला, तर कुटुंबाला वेतनाच्या सुमारे ९० टक्के इतके अवलंबित निवृत्तिवेतन मिळते; हे संरक्षण पहिल्या दिवसापासून असते. पीएफशी जोडलेल्या ईडीएलआय या विमा योजनेतून सेवा आणि वेतनानुसार कमाल ७ लाखांपर्यंत रक्कम मिळते. सात गाड्यांच्या मालकाला कामगारांची संख्या कमी असल्यामुळे पीएफ बहुधा लागू नसेल, त्यामुळे तो लबाड आहे असे मी म्हणणार नाही. कामगार भरपाईच्या सूत्राप्रमाणे १५,००० रुपये वेतन धरले, तर २५ वर्षांच्या चालकाच्या वारसांना सुमारे १६ लाख मिळण्याचा हक्क तिथेही आहेच. परंतु नेमणूकपत्र नाही, पगार रोख, हजेरी तोंडी, अशा स्थितीत तुम्ही त्या गाडीचे चालक होता हेच तुमच्या पत्नीला आधी सिद्ध करावे लागेल. उचलीच्या बदल्यात मालक दोन कोरे धनादेश मागतो, असे तुम्ही सहज लिहून गेला आहात. कुठल्याही कारणासाठी कोऱ्या धनादेशावर सही करू नका. पुढे त्यावर कोणी कितीही रक्कम लिहिली आणि धनादेश वटला नाही, तर फौजदारी खटला तुमच्यावर होऊ शकतो.

टँकरचा पर्याय आज सोडून द्या. ज्वलनशील मालासाठी वेगळे प्रशिक्षण आणि परवान्यावर तशी नोंद लागते, आणि पहिल्याच वर्षी ते काम हाती देणाऱ्याला अनुभवी माणूस का मिळत नाही, याचा विचार करावा.

आता स्वतःच्या ट्रकचे. तीन वर्षांत तुम्ही पॉलिसीत १ लाख ८० हजार भराल आणि तिसऱ्या वर्षी मोडल्यास त्यातल्या सुमारे ३५ टक्क्यांचीच हमी, म्हणजे ६३,००० रुपये. १५ लाखांच्या जुन्या ट्रकसाठी ३ लाख पदरचे घालून १२ लाखांचे कर्ज १५ टक्क्यांनी चार वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता ३३,००० च्या पुढे जातो. त्यावर थर्ड पार्टी विमा वर्षाला ४० हजारांच्या आसपास, टायर, गाडीचा फिटनेस दाखला, आणि भाडे न मिळालेले दिवस. ट्रक घेऊ नका असे माझे म्हणणे नाही. पाच-सहा वर्षे गाडी चालवून, भाड्याचे दर आणि वर्षातले मंदीचे महिने स्वतः पाहून, चार-पाच लाख हाती जमल्यावर तो विचार करा.

तेव्हा चाकणची नोकरी धरा. घरखर्च जाऊन साडेसहा हजार उरतील, त्यातले ६,००० दरमहा सोनेतारणात भरा. पहिल्या तिमाहीतील कमी भत्ता धरूनही सुमारे दीड वर्षात दागिने सुटतील. पीपीएफ, एसआयपी (म्युच्युअल फंडातील दरमहाची गुंतवणूक) वगैरे सारे त्यानंतर. याच आठवड्यात बँकेत जाऊन वर्षाला ४३६ रुपयांची जीवनज्योती आणि २० रुपयांची सुरक्षा विमा योजना सुरू करा, म्हणजे अपघाती मृत्यू झाल्यास ४ लाखांचे संरक्षण लगेच उभे राहील. पगाराच्या तीन-चार पावत्या जमल्या की ५० लाखांच्या टर्म विम्यासाठी, म्हणजे फक्त मृत्यू झाल्यास रक्कम देणाऱ्या विम्यासाठी, अर्ज करा. तुमच्या व्यवसायामुळे काही कंपन्या जादा हप्ता लावतील, काही नकारही देतील, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारा; आणि अर्जात ‘ट्रकचालक’ असेच स्पष्ट लिहा, कारण ते लपवले तर दावा नाकारला जाऊ शकतो. रोखीच्या नोकरीत उत्पन्नाचा पुरावा नसल्यामुळे हा विमा मिळवणे फार अवघड जाते, हेही चाकणच्या बाजूने आहे.

रुजू होताना नेमणूकपत्र घ्या, ओव्हरलोडचा दंड कोण भरणार ते लेखी विचारा, मूळ परवाना कंपनीकडे ठेवू नका. पहिल्या महिन्याचा पगार झाल्यावर उमंग ॲपवर पीएफ खरोखर जमा झाला का ते पाहा, आणि पीएफच्या ई-नामांकनात पत्नीचे व मुलीचे नाव भरा.