डेबियन बसवताना वायफायचे फर्मवेअर सापडत नसेल तर काय करावे?

लॅपटॉपवर डेबियन ही लिनक्स कार्यप्रणाली बसवताना इन्स्टॉलर मध्येच थांबून फर्मवेअरची फाइल मागतो आणि वायफाय दिसत नाही, असा आपला प्रश्न आहे. बहुतेक वेळा वायफाय कार्ड बिघडलेले नसते. कार्ड चालवणारा ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्यात असतो, परंतु कार्ड सुरू होताना त्यात भरावी लागणारी छोटी बायनरी फाइल, म्हणजेच फर्मवेअर, मुक्त परवान्याची नसल्यामुळे डेबियन ११ पर्यंतच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ती दिली जात नसे. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ती बहुतेक कार्डांसाठी इन्स्टॉलरमध्येच असते. त्यामुळे इन्स्टॉलरची जुनी प्रतिमा (आयएसओ फाइल) वापरत असाल तर आधी नवी उतरवून घ्यावी, हा सर्वांत कमी कटकटीचा मार्ग आहे.

जुनीच आवृत्ती हवी असल्यास पडद्यावर दिसणारे फाइलचे नाव अक्षर न् अक्षर टिपून घ्यावे, कारण नावातील शेवटचा आकडा आवृत्तीचा असतो आणि तो चुकला तर फाइल उचलली जात नाही. इंटेलच्या कार्डासाठी 'फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय' (firmware-iwlwifi) हे पॅकेज दुसऱ्या संगणकावर उतरवून पेनड्राइव्हवरील 'फर्मवेअर' (firmware) नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावे, म्हणजे इन्स्टॉलर ते स्वतः शोधतो.

ब्रॉडकॉमच्या काही जुन्या कार्डांची गंमत अशी, की त्यांचे पॅकेज फर्मवेअर इंटरनेटवरून ओढते, म्हणजे वायफायसाठी आधी इंटरनेट हवे. अशा वेळी अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचे इंटरनेट संगणकाला देण्याची सोय, सुरू करावे; इन्स्टॉलरला तो बहुधा तारेच्या नेटवर्कसारखाच दिसतो.