चुंबकाला चिकटतो तोच खरा हेमॅटाइट?

मागच्या अंकात स्टीलसारख्या चकाकणाऱ्या करड्या-काळ्या मण्यांबद्दल म्हणजे हेमॅटाइटबद्दल जाता जाता दोन ओळी काय लिहिल्या, इतकी पत्रं आणि मेसेज आले की यावेळी सगळं सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

ताई, मी ऑनलाइन 'मॅग्नेटिक हेमॅटाइट'चं ब्रेसलेट मागवलं. मणी एकमेकांना चिकटतात, टाचणी पण उचलतात. विकणारा म्हणतो हीच ओरिजिनल असल्याची खूण. खरंय का? — एक वाचक, ठाणे

अगदी उलटं आहे हो. खाणीतून निघालेला हेमॅटाइट म्हणजे लोहाचं ऑक्साइड, आणि तो स्वतः टाचण्या-बिचण्या काही उचलत नाही. साधा फ्रिजवरचा मॅग्नेट जवळ नेला तरी ढिम्म हलत नाही, किंवा त्यात मॅग्नेटाइट (चुंबकाला चिकटणारं दुसरं लोहखनिज) मिसळलेलं असेल तर जेमतेम ओढला जातो, बास. जे मणी एकमेकांना टकाटक चिकटतात ते कारखान्यात बनवलेले, बेरियम-स्ट्राँटियम फेराइट नावाचं सिरॅमिक भट्टीत भाजून आणि मग त्याला चुंबकत्व देऊन. बाजारात त्याला हेमाटाइन वगैरे नावं आहेत. दिसायला सुंदर असतं, वाईट काहीच नाही, फक्त तो नैसर्गिक दगड नाही आणि त्या नावाने जास्त पैसे द्यायचं कारण नाही.

आता यातली गोम अशी की चिकटत नाही म्हणजे खरा, असंही धरून चालायचं नाही. चुंबकत्व न दिलेले फेराइटचे मणी पण मिळतात, ते आपापसात चिकटत नाहीत पण तुम्ही चांगला मॅग्नेट जवळ नेलात की टुणकन येऊन बसतात. त्यामुळे आधी मॅग्नेट, मग गेरूची परीक्षा. बाथरूमच्या टाइलची मागची, बिनचकाकीची बाजू घ्या, नसेल तर चहाच्या मगाच्या बुडाची खरखरीत कड, आणि मणी भोकाच्या बाजूने जरा दाबून घासा (मधल्या चकचकीत भागावर घासलं तर ओरखडा कायमचा राहील, मग मला नावं ठेवू नका). वरून करडा-काळा, आरशासारखा दिसणारा खऱ्या हेमॅटाइटचा मणी टाइलवर चक्क तांबडी-विटकरी रेघ ओढतो! म्हणजे आपण तुळशी वृंदावनाला लावतो तोच गेरू, कारण गेरूतला लाल रंग हेमॅटाइटचाच असतो, अजिंठ्याच्या चित्रांतल्या लालातही लाल गेरू आहे. रेघ काळपट आली तर शंका घ्या. पांढरी आली किंवा आलीच नाही तर काच किंवा दुसरंच काहीतरी.

वजनावरून काच लगेच पकडता येते, हेमॅटाइट पाण्याच्या पाचपटीहून थोडा जास्त जड आणि काच साधारण अडीचपट, म्हणजे त्याच मापाची माळ हातात घेतली की फरक कळतो. पण फेराइटसुद्धा जवळपास हेमॅटाइटइतकंच जड असतं, त्यामुळे 'किती जड आहे बघा मॅडम' असं कोणी म्हणालं तर नुसतं हसून सोडून द्या.

माझं हिमोग्लोबिन कमी आहे. हेमॅटाइटमध्ये लोह असतं म्हणून मनगटात घाला, रात्री पाण्यात ठेवून सकाळी ते पाणी प्या असं एका ओळखीच्या काकूंनी सांगितलंय. करू का? — वाचक, नाशिक

घाला, छान दिसतं. पण हिमोग्लोबिनसाठी नको. लोह शरीरात जातं ते पोटातून, कातडीतून नाही, आणि हेमॅटाइटमधलं लोह पाण्यात विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल, नाहीतर नदीतले लाल दगड कधीच वाहून गेले असते. रात्रभर भिजवून सकाळी तुम्ही पिणार ते फक्त शिळं पाणी, शिवाय मण्याला कोटिंग किंवा डाय असेल तर त्यातलं काय उतरलं कोणास ठाऊक. काकूंना दुखवू नका पण डॉक्टरकडे जाऊन सीबीसी म्हणजे रक्ताची तपासणी करून घ्या, हिमोग्लोबिन कमी का झालंय ते शोधणं महत्त्वाचं, पाळीत जास्त रक्त जाणं, जंत, आहार, काहीही असू शकतं.

चुंबकाच्या ब्रेसलेटने सांधेदुखी जाते का असंही बऱ्याच जणांनी विचारलंय. त्यांनाही हेच, दागिना म्हणून आवडत असेल तर घ्या, गुडघ्यासाठी घेत असाल तर पैसे वाचवा.

आमच्या डिचोलीला ट्रकच्या ट्रक हेमॅटाइट रस्त्यावरून गेला, घरं लाल झाली, आणि तोच दगड मॉलमध्ये पॉलिश करून विकतात? — एक वाचक, गोवा

हा प्रश्न वाचून मी मोठ्याने हसले, पण तुमचं बरोबर आहे, खनिज तेच. गोव्याचं लोहखनिज मुख्यतः हेमॅटाइट, सिंधुदुर्गात रेडीला, गडचिरोलीत सुरजागडला पण तेच, आणि तुमच्या पडवीवर बसलेली ती लाल धूळ म्हणजे वर सांगितलेली टाइलवरची रेघच, फक्त गावभर. 2012 ला खाणी बंद पडल्या, पुढे फेब्रुवारी 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने 88 लीज रद्द केली, हे सगळं तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय.

पण मणी करायला जो दगड लागतो तो घट्ट, एकसंध, बिनभेगेचा. गोव्याच्या खनिजात चुरा भरपूर, माती मिसळलेली, ते पोलाद करायला ठीक, पॉलिशच्या चाकावर धरलं तर भुगा होईल. ब्राझीलमध्ये आणि इंग्लंडच्या कंब्रिया भागात घट्ट हेमॅटाइट मिळायचा, कंब्रियातला तर मूत्रपिंडासारख्या गोल फुगवट्यांचा असतो, आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळात तिकडे सुतकात घालायच्या दागिन्यांत काळा म्हणून हेमॅटाइट चालायचा. मंगळावरसुद्धा आहे बरं का, नासाच्या अपॉर्च्युनिटी रोव्हरला 2004 मध्ये हेमॅटाइटच्या बारीक गोळ्या सापडल्या होत्या. डिचोलीपेक्षा तिथे धूळ कमी असेल असं मात्र नाही.

मंगळसूत्रात काळ्या मण्यांऐवजी हेमॅटाइट घातला तर चालेल का? सासूबाई नको म्हणतायत. — वाचक, सातारा

चालतं की नाही हे तुमच्या घरातलं, त्यात मी पडत नाही. सोनाराच्या बाजूने मात्र मी सासूबाईंच्या पार्टीत. आपले नेहमीचे काळे मणी बारीक, हलके, काचेचे, दिवसरात्र गळ्यात असले तरी कळत नाहीत. हेमॅटाइट दुप्पट जड, दोन पदरी लांब मंगळसूत्र केलं तर संध्याकाळपर्यंत मान बोलायला लागेल. दुसरं, भोकाची कड धारदार असते, रेशमी दोरा महिना-दोन महिन्यात कातरतो, आणि गर्दीच्या लोकलमध्ये वाटी कुठे घरंगळली ते सापडायचं नाही. अगदीच हौस असेल तर छोटं, एकपदरी, बारीक मण्यांचं करा आणि ओवायला दोऱ्याऐवजी नायलॉनचं कव्हर असलेली स्टीलची बीडिंग वायर घ्या. रंग पण बघून घ्या, तो काळा नसून करड्या धातूसारखा दिसतो, सोन्यापुढे काहींना आवडतो, काहींना नाही.

नवऱ्यासाठी योद्ध्याचा चेहरा कोरलेली हेमॅटाइटची अंगठी बघितली. रोज वापरता येईल? — वाचक, नागपूर

रोज नको. खनिजांचा कठीणपणा मोह्स नावाच्या एक ते दहाच्या पट्टीवर मोजतात, त्यावर हेमॅटाइट साडेपाच ते साडेसहा, आणि आपल्या धुळीत असतात क्वार्ट्झचे कण, ते सातचे, त्यामुळे बाइकवर फिरणाऱ्या माणसाच्या अंगठीची चकाकी हळूहळू मरते. शिवाय फरशीवर आपटली की टवका. कधीमधी समारंभाला ठीक. अशा कोरलेल्या दगडांत साच्यात दाबून केलेला माल खूप असतो. भिंगातून बघा, साच्यातल्या चेहऱ्याच्या कडा मऊ, गोलसर, साबणावर उठवल्यासारख्या दिसतात, कोरलेल्यात हत्याराच्या खुणा आणि धारदार कडा दिसतात. तसं कोरायला हा दगड फार जुना आहे, मेसोपोटेमियात चारएक हजार वर्षांपूर्वी व्यापारी हेमॅटाइटची वजनं वापरायचे आणि त्याचेच कोरलेले दंडगोल शिक्के मातीवर फिरवायचे.

रोझ गोल्ड हेमॅटाइटचं ब्रेसलेट तीन महिन्यात आतून काळं पडलं आणि इलास्टिक पण तुटलं. परत मागू का पैसे? — वाचक, पुणे

पैसे मिळाले तर घ्याच, पण मणी नासलेले नाहीत, वरचा मुलामा गेलाय. रोझ गोल्ड, निळा, मोरपिसासारखा, हे सगळे रंग बहुतेक वेळा वरून चढवलेले असतात, आणि घाम, परफ्यूम, सॅनिटायझर लागलं की जिथे मनगटाला घासतं तिथून आधी जातात. निसर्गात इंद्रधनुषी हेमॅटाइट सापडतो, पण तो असा एकसारखा रंगलेला नसतो. साधा करडा घ्या, त्यात जायला रंगच नाही. परफ्यूम मारून वाळल्यावर घाला, अंघोळीला काढा, रात्री मऊ फडक्याने पुसून वेगळ्या पिशवीत ठेवा, कारण बाकीच्या कडक खड्यांबरोबर टाकलं तर ओरखडे येतात. इलास्टिक नेहमीचं पातळ वापरलं असणार, या वजनाला 1 मिलिमीटरचं तरी घ्या, भोकातून गेलं तर दुहेरी घाला, गाठीवर गोंदाचा थेंब, आणि ब्रेसलेट ओढून घालायचं नाही, बोटं जुळवून सरकवायचं.

चुंबकाचं घेतलंय तर आता काही धोका आहे का? — बऱ्याच जणांचा प्रश्न

पेसमेकर असलेल्या घरच्यांनी ते छातीजवळ आणू नये, त्यांच्याकरता घेतलंच नाही तर उत्तम. एमआरआयला जाताना काढून बाहेर ठेवा, टेक्निशियनला सांगा. आणि लहान मूल घरात असेल तर तुटलेल्या ब्रेसलेटचे मणी लगेच मोजून गोळा करा, कारण दोन चुंबक गिळले गेले तर आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना ओढतात आणि मधली भिंत चिमटली जाते, आतड्याला भोक पडू शकतं. मुलाने गिळल्याची शंका जरी आली तरी उलटी करवायची नाही, केळं खायला घालून वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जाऊन एक्स-रे काढून घ्यायचा, आणि 'मणी' म्हणून नाही, 'चुंबक' म्हणून सांगायचं.