विंडोज ११ टाकल्यापासून लॅपटॉप मंद झाला आहे. ४ जीबीची रॅम ८ जीबी केल्यास वेग वाढेल का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: परभणी जिल्ह्यातील एका गावात आपण सेवा केंद्र चालवता, आपल्याकडे आठव्या पिढीतील आय३ प्रोसेसरचा, ४ जीबी रॅम आणि १ टीबी हार्ड डिस्क असलेला लॅपटॉप आहे, विंडोज १० वरून विंडोज ११ वर गेल्यापासून तो पावलोपावली अडकतो, दुकानदार म्हणतात की रॅम ८ जीबी केली की तो पळू लागेल, आणि हा खर्च करावा की नाही, हे आपल्याला ठरवायचे आहे. मी नांदेडमध्ये संगणक दुरुस्तीचे काम करतो आणि असे लॅपटॉप सतत हाताखालून जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रॅम वाढवाच, पण हार्ड डिस्क तशीच ठेवून फक्त रॅम वाढवलीत तर पैसे खर्चूनही समाधान होणार नाही. दुकानदारांचा सल्ला चुकीचा नाही, तो अर्धा आहे.

रॅम, म्हणजे चालू कामाचा मजकूर तात्पुरता ठेवण्याची जागा, यंत्राला वेग देते ही समजूत सर्वत्र आहे, परंतु प्रत्यक्षात ती वेग देत नाही, कामात येणारी अडवणूक दूर करते. पुरेशी रॅम असलेल्या यंत्रात आणखी रॅम घातली तर जवळपास काहीच फरक जाणवत नाही; ती अपुरी असेल तर मात्र बाकी सगळे चांगले असूनही यंत्र रखडते. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने किमान ४ जीबी रॅमची अट घातली आहे, पण त्या अटीचा अर्थ इतकाच की प्रणाली बसेल आणि सुरू होईल. त्या ४ जीबीतला थोडा भाग प्रोसेसरमधील ग्राफिक्स आधीच स्वतःसाठी राखून ठेवतो, आणि लॅपटॉप सुरू करून काहीही उघडले नाही तरी विंडोज ११ व तिच्यासोबत चालणारे छोटे-मोठे प्रोग्राम मिळून उरलेल्यापैकी निम्म्याहून अधिक जागा व्यापतात. त्यावर आपण ब्राउझरमध्ये चार-पाच पोर्टल, एखादी एक्सेलची फाइल, स्कॅनरचा प्रोग्राम आणि अर्जदारांच्या पीडीएफ उघडता, तेव्हा जागा संपणारच.

जागा संपली की विंडोज बंद पडत नाही. आधी ती वापरात नसलेला मजकूर दाबून लहान करते, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर तो हार्ड डिस्कवरील पेजफाइल नावाच्या फाइलमध्ये नेऊन ठेवते. आपण त्या टॅबवर परत आलात की तो तिथून पुन्हा रॅममध्ये आणते. अडचण येते ती इथे. रॅममधून एखादी गोष्ट वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, तर लॅपटॉपमधील मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला तीच गोष्ट शोधून द्यायला १० ते १५ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हा फरक लाखपटीचा आहे. माउसचे बटण दाबल्यावर काहीच न होणे, पांढरा पडलेला ब्राउझर आणि खिडकीच्या डोक्यावर आलेली 'नॉट रिस्पॉन्डिंग' ही अक्षरे, हे सगळे बहुतेक वेळा या ने-आणीचे परिणाम असतात.

आपल्या लॅपटॉपमध्ये नेमके हेच घडत आहे का, हे पैसे देण्याआधी पाहून घ्यावे. त्यासाठी कोणतेही वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. केंद्रात गर्दी आहे, नेहमीचे सगळे काही उघडलेले आहे, अशा वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबावीत, टास्क मॅनेजर उघडेल. त्यातील परफॉर्मन्स या भागात मेमरीवर क्लिक करावे. वर दिसणारी टक्केवारी पाहून घाबरू नये, कारण मोकळी रॅम विंडोज मुद्दाम वापरात घेते आणि त्यात गैर काही नाही. खरी माहिती खाली 'कमिटेड' या शब्दाखालच्या दोन आकड्यांत असते. पहिला आकडा म्हणजे चालू असलेल्या सर्व प्रोग्रामांना मिळून विंडोजने कबूल केलेली जागा, आणि दुसरा म्हणजे रॅम व पेजफाइल मिळून होणारी कमाल मर्यादा. पहिला आकडा दिवसभर ६ किंवा ७ जीबीच्या आसपास राहत असेल आणि लॅपटॉपमध्ये रॅम ४ जीबीच असेल, तर तुटवडा खरा आहे. त्याच वेळी डिस्कवर क्लिक केल्यावर आलेख १०० टक्क्यांना टेकलेला दिसला, तर शंकेला जागाच राहत नाही. हिंगोलीकडच्या एका केंद्रचालकांचा लॅपटॉप माझ्याकडे आला होता, त्यात हेच चित्र होते: रॅम नव्वद टक्क्यांच्या पुढे, कमिटेड साडेसहा जीबीच्या वर, डिस्क १०० टक्के, आणि प्रोसेसर मात्र वीस टक्क्यांवर निवांत. प्रोसेसर रिकामा बसलेला असताना यंत्र हँग होते, याचा अर्थ तो डिस्कची वाट पाहत असतो.

याउलट कमिटेडचा आकडा ४ जीबीच्या आतच असेल आणि प्रोसेसर सतत १०० टक्क्यांवर असेल, तर रॅमवर खर्च करू नये. आपल्या भागात आणखी एक गोष्ट हमखास आढळते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून अधिक तापते, आणि पंख्याच्या जाळीत धूळ साचलेली असेल तर प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. टास्क मॅनेजरमध्ये काम जोरात असतानाही प्रोसेसरचा वेग १ गिगाहर्ट्झच्या खाली अडकलेला दिसला, तर आधी पंखा साफ करून घ्यावा आणि थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलून घ्यावी. त्या दुखण्यावर रॅम हे औषध नाही.

रॅम किती असावी, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. आपल्या कामासाठी एकूण ८ जीबी ही खालची मर्यादा समजावी आणि शक्य असेल तर १२ जीबीपर्यंत जावे. व्हिडिओ जुळवणे किंवा मोठे फोटो हाताळणे हे काम नसेल, तर १६ जीबीचा आग्रह धरण्याची गरज नाही. आधीच्या ४ जीबीशेजारी ८ जीबीची स्टिक, म्हणजे रॅमचा सुटा तुकडा, बसवली तर "जोडी जुळत नाही" असे काही जण सांगतात, पण इंटेलच्या या प्रोसेसरवर अशी विषम जोडी सहसा व्यवस्थित चालते: दोन्हीकडचा ४-४ जीबीचा भाग दोन्ही चॅनलवर (रॅम व प्रोसेसर यांच्यामधील डेटाच्या वाटांवर) एकत्र काम करतो आणि उरलेला ४ जीबी एकाच चॅनलवर चालतो. दोन्ही चॅनल मिळाल्याचा लाभ मुख्यतः ग्राफिक्सला होतो. अर्ज भरण्याच्या कामात तो जाणवणार नाही, म्हणून एकसारख्या जोडीसाठी चालू असलेली स्टिक काढून टाकू नये.

कोणती स्टिक घ्यायची, हेही त्याच मेमरीच्या पानावर कळते. 'स्लॉट्स यूज्ड' या ओळीत दोनपैकी एक असे दिसले तर जागा असण्याची शक्यता आहे, पण त्यावर पूर्ण भरवसा ठेवू नये, कारण काही लॅपटॉपांमध्ये दुसरा स्लॉट बसवलेलाच नसतो आणि तरीही तो मोजला जातो. 'फॉर्म फॅक्टर' या ओळीत 'रो ऑफ चिप्स' असे लिहिलेले असेल, तर ती रॅम मदरबोर्डवर कायमची जोडलेली आहे आणि निघणार नाही. म्हणून मागचे झाकण उघडून डोळ्यांनी पाहिल्याशिवाय स्टिक विकत आणू नये. आपल्या पिढीच्या लॅपटॉपला बहुतेक करून डीडीआर४ प्रकारची, २६० पिनांची, १.२ व्होल्टवर चालणारी छोटी स्टिक लागते. त्यावर २४०० हा वेग लिहिलेला असला तरी पुरेसे आहे. दुकानात ३२०० ची मिळाली तरी हरकत नाही, ती आपोआप २४०० वर उतरून चालते, मात्र त्यासाठी जादा पैसे देऊ नयेत. डीडीआर३ ची खाच वेगळ्या ठिकाणी असते आणि ती या स्लॉटमध्ये बसत नाही, तेव्हा कोणी स्वस्तात देऊ केली तरी घेऊ नये.

भावाचे म्हणाल, तर २०२५ च्या अखेरीस जगभर मेमरी चिप्सचे भाव चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडे माल वळला. जुन्या आठवणीतल्या दराने स्टिक मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. वापरलेली पण चालू असलेली स्टिक घेण्यास माझी हरकत नाही, कारण तिच्यात झिजणारे भाग नसतात. फक्त पक्के बिल आणि बदलून देण्याची मुदत लिहून घ्यावी.

आता हार्ड डिस्ककडे येतो, कारण खरी गाठ तिथे आहे. रॅम ८ जीबी झाली तरी लॅपटॉप सुरू होणे, ब्राउझर पहिल्यांदा उघडणे आणि विंडोजचे अपडेट बसणे ही कामे डिस्कच्याच वेगाने होणार. एसएसडी म्हणजे फिरते भाग नसलेली, चिपवर माहिती साठवणारी डिस्क; तिच्यातील साधी साटा प्रकारचीसुद्धा विखुरलेला मजकूर शोधून देण्यात हार्ड डिस्कपेक्षा साधारण शंभरपट चपळ असते. म्हणून झाकण एकदाच उघडून दोन्ही कामे करून घ्यावीत. आणि या महिन्यात एकाच वस्तूचे पैसे जमत असतील, तर मी आधी २५६ जीबीची एसएसडी बसवायला सांगेन, कारण पेजफाइल तिच्यावर गेली की ४ जीबीतील तुटवडासुद्धा बराच सुसह्य होतो. रॅम त्यानंतर टाकावी, पण ती टाळू नये. तुटवडा कायम ठेवून एसएसडीवर दिवसभर लेखन होत राहिले तर तिचे आयुष्य विनाकारण खर्ची पडते. जुनी हार्ड डिस्क यूएसबीने जोडता येणाऱ्या केसमध्ये घालून अर्जांच्या प्रती ठेवायला वापरता येते.

झाकण उघडण्याआधी आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर जाऊन बिटलॉकरची (डिस्कवरील डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी, कारण डिस्क बदलताना ती मागितली जाऊ शकते आणि त्या वेळी ती हाताशी नसेल तर सगळा डेटा अडकतो. लॅपटॉप बंद करताना शिफ्ट दाबून ठेवून शट डाउन करावा, म्हणजे तो खरोखर पूर्ण बंद होतो. चार्जर काढावा, आतील बॅटरीची पिन सोडवावी आणि हात एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला लावून घ्यावा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत अंगावरील स्थिर विजेने चिप जाण्याची भीती खरी आहे. स्टिक तिरकी धरून सोनेरी कडा जवळजवळ दिसेनाशा होईपर्यंत आत सरकवावी, मग हलकेच खाली दाबावी. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या 'टक्' करून बसल्या पाहिजेत. जुन्या स्टिकच्या कडा काळवंडल्या असतील तर पांढऱ्या खोडरबराने पुसून घ्याव्यात आणि चुरा झटकून टाकावा. पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही वेळ काळा राहतो. त्या वेळी नवी मेमरी तपासली जात असते, म्हणून लगेच बटण दाबून लॅपटॉप बंद करू नये, दोन-तीन मिनिटे थांबावे.

काही कामे बिनखर्चाची आहेत. टास्क मॅनेजरमधील स्टार्टअप ॲप्स या भागात जाऊन प्रिंटर कंपन्यांचे मदतनीस प्रोग्राम आणि न वापरले जाणारे मेसेंजर बंद करावेत. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढावा, कारण विंडोजचा स्वतःचा पुरेसा आहे. रॅम मोकळी करून देण्याचा दावा करणारे 'क्लीनर' अजिबात बसवू नयेत; ते कामाचा मजकूर रॅममधून हुसकावून डिस्कवर पाठवतात आणि नेमके तेच आपल्याला टाळायचे आहे. रॅम वाढवल्यावर पेजफाइल बंद करण्याचा सल्लाही मानू नये, मर्यादा ओलांडताच प्रोग्राम भरल्या अर्जासह बंद पडतात.

पीक विम्याच्या शेवटच्या दिवसांत पोर्टल उघडत नाही, ओटीपी येत नाही, ती अडचण सर्व्हरची असते. त्या कारणाने कोणी ३२ जीबीपर्यंत नेऊ लागले तर ऐकू नये. तसेच हे उत्तर सातव्या पिढीचे यंत्र असलेले कोणी वाचत असतील, तर रॅम वाढवल्याने ते विंडोज ११ साठी पात्र ठरत नाही, तिथे अडथळा प्रोसेसरचा आहे. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले असल्याने अशा यंत्रावर पैसे घालताना हे धरून चालावे.

स्टिक बसवून झाल्यावर स्टार्टमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' शोधून रात्री केंद्र बंद करताना ती चाचणी लावून ठेवावी. एक जरी चूक निघाली तरी स्टिक तशीच वापरत राहू नये, कारण खराब रॅम फाइली गुपचूप बिघडवते आणि ते उशिरा कळते. बिल घेऊन मुदतीच्या आत ती बदलून घ्यावी.