हुशार आहे पण लिहिता येत नाही. आठ वर्षांच्या मुलाला शाळेतून काढून घरी शिकवावं का? (इंदूर)

शाळेनं तुम्हाला 'घरी मराठी बोलणं बंद करा' असं सांगितलंय, हे वाचलं आणि राहवलं नाही. आमच्या सुदामानगरच्या घरी हेच ऐकावं लागलं तेव्हा माझा मुलगा चौथीत होता.

परीक्षेत प्रश्न होता, इंदूरला पाणी कुठून येतं. आदल्या रात्री त्यानं मला पाऊण तास समजावलं होतं: नर्मदेचं पाणी 70 किलोमीटरवरच्या जलूदहून येतं, घाट चढायचा म्हणून टप्प्याटप्प्यानं पंपानं वर ढकलतात, तिकडे वीज गेली की आपली पाळी चुकते. पेपरात दीड ओळ. 'घाट'चा 'धाट', आणि 'पानी'ची वेलांटी खोडून खोडून कागदाला भोक. 10 पैकी 1. शेजारी लाल शाईत 'लापरवाही'.

मॅडम म्हणाल्या, दोन भाषांमुळे गोंधळतो. माझे मोठे दीर 30 वर्षं शिक्षक, त्यांनीही तीच री ओढली: आजी 'कवी' दीर्घ शिकवते, शाळेत 'कवि' ऱ्हस्व, पोरानं करायचं काय? ऐकायला पटतं. पण त्याची अडचण डिस्लेक्सियाची होती, म्हणजे हुशार असूनही वाचणं-लिहिणं जड जातं, आणि तो दोन भाषांमुळे होत नाही. एकच भाषा बोलणाऱ्या घरातही असतो. आम्ही चार महिने आजीला नातवाशी हिंदी बोलायला लावलं. घ-ध तसेच राहिले, आजीच्या गोष्टी मात्र बंद झाल्या. ती सल अजून जात नाही.

तपासणीत निघालं, समज वयाच्या कितीतरी पुढे आणि वाचन दुसरीचं. हुशारी अडचण झाकते, अडचण हुशारी झाकते, आणि पोरगं आळशी ठरतं.

काढलं शाळेतून. सकाळी अर्धा तास ताटात रवा पसरून अक्षर बोटानं गिरवायचं, तोंडानं म्हणायचं. बाकी सगळं तोंडी. विज्ञान मी वाचायची, तो समजावायचा. दहावी एनआयओएसमधून, म्हणजे घरी शिकून परीक्षा देता येते त्या राष्ट्रीय मुक्त शाळेतून केली. वय 14 पूर्ण लागतं, पाच विषय, सगळे एकदम द्यावे लागत नाहीत. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात.

पण आधी डिस्लेक्सियाचं प्रमाणपत्र घ्या, त्याशिवाय परीक्षेत लेखनिक (मूल सांगेल ते लिहिणारा) आणि जादा वेळ मिळणं कठीण. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अडचण धरलेली आहे, त्यामुळे शाळा ऐकत असेल तर काढूही नका. मी घरी होते, सासूबाई होत्या. दोघं नोकरीवर असाल तर हे फार जड जातं. आणि संध्याकाळी खेळायला मुलं हवीतच, पहिल्या वर्षी आमचा फार एकटा पडला.

निकालाच्या दिवशी दीर म्हणाले, "लिहिलं तर लेखनिकानं." लेखनिक नववीतला मुलगा होता. दहावीचं विज्ञान त्याला कुणी सांगितलं, हे त्यांना मी तेव्हा विचारलं नाही, म्हणून इथे लिहितेय. तुम्ही मराठी बंद करू नका.