माड पिवळा पडतो तो रोगाने की उपासमारीने?

प्रश्न : मालवणजवळ आमची 25 माडांची वाडी आहे. तीन वर्षांपासून खालच्या झावळ्या पिवळ्या पडत आहेत आणि लहान फळे गळत आहेत. आम्ही दरवर्षी शेणखत, थोडा युरिया आणि जाडे मीठ घालतो. हा केरळातला ‘रूट विल्ट’ (मूळ-मर) रोग आहे, माड तोडा, असे शेजारी सांगतात. काय करावे?

उत्तर : कृपा करून एकही माड तोडू नका. केरळात 1882च्या महापुरानंतर नजरेस आलेला तो रोग अन्नद्रव्यांच्या अभावाने होत असावा, असा तर्क अनेक वर्षे केला जात होता. पुढे 1980च्या दशकात रोगट माडांत फायटोप्लाझ्मा हा सूक्ष्मजीव आढळला. त्या रोगात पात्या लुळ्या पडून फासळ्यांसारख्या आत वळतात. आपण तसे लक्षण लिहिलेले नाही.

आपल्या वर्णनावरून मला उपासमारीचा संशय अधिक येतो. जांभ्या जमिनीत पालाश (पोटॅश) आणि मॅग्नेशियम धरून ठेवण्याची ताकद कमी असते आणि कोकणातला पाऊस ही द्रव्ये धुऊन नेतो. माड मात्र सर्वाधिक उचल पालाशचीच करतो. आपल्या खतांत तोच अपुरा आहे. मिठातील क्लोरीन माडाला उपयोगी असले, तरी मीठ पालाशची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही.

जुन्या झावळ्या नीट पाहा. हिराजवळचा भाग हिरवा राहून उन्हाकडची पाती पिवळी झाली असेल, तर मॅग्नेशियम कमी आहे. नारिंगी ठिपके पडून शेंडे करपत असतील, तर पालाश. नवी पाने आखूड, आकड्यासारखी वळलेली असतील, तर बोरॉनची कमतरता समजावी. फळगळीमागेही ती असू शकते.

माती तपासून घ्यावी. मोठ्या माडाला वर्षाला सुमारे 2 किलो म्युरेट ऑफ पोटॅश हे पालाशचे खत हप्त्यांनी आणि 500 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, बुंध्यापासून दीड-दोन मीटरपर्यंतच्या आळ्यात, शेणखतासह द्यावे. नुसता पालाश वाढवल्यास मॅग्नेशियमची उणीव वाढते, म्हणून दोन्ही लागतात. पिवळ्या झावळ्या वाळेपर्यंत काढू नयेत, कारण माड त्यांतूनच नव्या पानांना अन्न पुरवत असतो.

कोंब सहज उपटून येत असेल आणि त्याला घाण वास असेल, तर मात्र ती बुरशीजन्य कोंबकुज आहे. तेथे खत कामाचे नाही, त्वरित कुजका भाग काढून बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावावी.

पोय (फुलोरा) कोंबात धरल्यापासून नारळ पिकेपर्यंत साधारण 44 महिने जातात, तेव्हा पहिल्या वर्षी फरक दिसला नाही म्हणून खत थांबवू नका.